मोठ्यांना धीर नाही

लहान मुलांना दम निघत नाही, ही अफवा मोठ्या माणसांनी उठवलेली आहे. खरी परिस्थिती पाहायची तर नाताळच्या आधीच्या चार रविवारांत, म्हणजे आगमनकाळात, एखाद्या ख्रिस्ती घरात डोकावावं. भोपाळच्या अयोध्या नगरात डोकावलं तर अधिक सोयीचं. तिथे गल्लीत ख्रिस्ती घर एखादंच, आणि मराठी ख्रिस्ती घर म्हटलं तर अख्ख्या सेक्टरात एखादंच, त्यामुळे कोण काय करतं ते गर्दीत हरवत नाही. शेजाऱ्यांचा दिवाळीचा कंदील अजून उतरलेला नसतो, तोच इकडे गच्चीवर कागदी तारा चढतो. कारण विचारलं तर ‘शिडी आणलीच होती’. केकसाठी मनुके आणि काजू महिनाभर आधी भिजत पडतात, त्याबद्दल तक्रार नाही, भिजायला वेळ लागतोच. तक्रार आहे ती ‘कसा होतोय ते बघू’ म्हणून पहिल्याच आठवड्यात भाजलेल्या आणि त्याच आठवड्यात संपलेल्या केकबद्दल. काकांचं ‘मेरी क्रिसमस’ १ डिसेंबरला पहाटेच, लुकलुकणाऱ्या घंटांसकट, घरच्या ग्रुपवर येऊन थडकतं. मंडळीच्या कमिटीने ख्रिस्तजन्माचा कार्यक्रम दहा-बारा तारखेलाच उरकायचा ठराव केलेला असतो, कारण प्रमुख पाहुण्यांना पुढे वेळ नाही. या सगळ्या धामधुमीत घरातलं आठ वर्षांचं मूल एकच प्रश्न विचारत फिरतं: अजून किती दिवस? याला मोठे अधीरपणा म्हणतात. वास्तविक किती दिवस उरले हे ज्याला विचारावंसं वाटतं तोच वाट पाहत असतो. बाकीचे केव्हाच पानावर बसलेले असतात.

माझं म्हणणं असं की आगमनकाळ टिकला तो मुलांमुळे, आणि बिघडला तर तो मोठ्यांमुळे बिघडतो. याला इतिहासाची साक्ष आहे. मोठ्यांच्या हाती हा काळ होता तेव्हा त्यांनी त्याचा उपास केला. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूरचे बिशप पर्पेट्यूअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास नेमून दिला. पुढे मोठ्यांच्या सगळ्या उपासांचं होतं तेच त्याचं झालं. मुलांच्या खात्यावर मात्र दोन गोष्टी जमा आहेत आणि त्या अजून जोरात चालू आहेत. पहिली हॅम्बुर्गमधली. योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक तिथे गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? रोज तेच उत्तर देऊन कंटाळलेल्या विखर्नसाहेबांनी १८३९ साली एका गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोजच्या दिवसाला लहान तांबडी आणि रविवाराला मोठी पांढरी अशा. रोज एक जास्त पेटायची, उरलेल्या मोजा आणि गप्प बसा. आज जगभरच्या चर्चमध्ये आणि घरांत हिरव्या पाल्याचं जे चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र दिसतं, त्याचा हा उगम. दुसरी गोष्ट आगमन-कॅलेंडरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये गेरहार्ड लांग नावाच्या छापखानेवाल्याने ती छापायला घेतली, कारण लहानपणी त्याची आई पुठ्ठ्यावर २४ बिस्किटं लावून द्यायची, दिवसाला एक. पुढे त्यात उघडायच्या इवल्या खिडक्या आल्या, आणखी पुढे चॉकलेटं. आता नीट पाहा. २४ बिस्किटं समोर दिसत असताना रोज एकच खाणारा तो मुलगा होता. आणि कॅलेंडर १ डिसेंबरला सुरू करून आगमनकाळाची खरी तारीख बिघडवली ती मोठ्यांनी. उरलेला माल पुढच्या वर्षी खपवायचा तर तारीख पक्की हवी, एवढंच त्यामागचं अध्यात्म.

कारण खरा आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू होईलच असं नाही. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमधला कुठलाही. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा, कधी २८ दिवसांचा. २०२२ साली तो पुरेपूर चार आठवडे चालला. २०२३ साली चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला, म्हणजे सकाळच्या उपासनेत चौथी मेणबत्ती पेटली आणि संध्याकाळी नाताळ हजर. ज्याची चौथ्या मेणबत्तीची पाळी होती त्या मुलाच्या न्यायबुद्धीला बसलेला तो धक्का वडीलधाऱ्यांना समजणार नाही, कारण त्या सकाळी ते मटण आणायला गेले होते. पाळी हा मेणबत्त्यांचा गाभा आहे. चार रविवार आणि दोन मुलं असतील तर भागाकार बरोबर होतो, पण तिसरी मेणबत्ती गुलाबी असते, बाकीच्या तीन जांभळ्या, आणि गुलाबी कोणाची या प्रश्नावर नोव्हेंबरच्या मध्यापासून वाटाघाटी सुरू होतात. अयोध्या नगरात तर आणखी एक अडचण. देवदार नाही, फर नाही, आणि बाजारात जांभळी मेणबत्ती मागितली तर दुकानदार दिवाळीतून उरलेल्या लाल-पिवळ्या पुढे करतो. मग स्टीलचं ताट येतं, त्यात बांधकामाच्या ढिगावरची वाळू, कडेने कुंडीतल्या मोरपंखीच्या फांद्या, आणि पांढऱ्या मेणबत्त्यांना जांभळी रिबीन, तिसरीला गुलाबी. चौथ्या रविवारी या ताटाकडे बघावं. पहिली मेणबत्ती चार रविवार जळून बोटाच्या पेरावर आलेली, दुसरी तिच्याहून थोडी उंच, गुलाबी मध्यावर, चौथी नवीकोरी, आणि मोरपंखी सुकून तपकिरी झालेली. पहिली बदलून नवी लावू, म्हणजे फोटोत बरं दिसेल, असं सुचवणारं माणूस कुठल्याही घरात मोठंच असतं. मुलं ते होऊ देत नाहीत. त्यांना त्या उतरंडीवरून हिशेब लागतो.

‘हे जुन्या मुलांचं झालं, हल्लीच्या मुलांना दोन मिनिटं थांबवून दाखवा’, असं कुणी म्हणेल. विज्ञानाने हे थांबवून पाहिलेलं आहे. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाअखेरीस लहान मुलांपुढे एक गोड खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात चमकली, असा त्याचा बोलबाला झाला आणि आईबापांच्या एका पिढीने पोरांपुढे चॉकलेट ठेवून त्यांचं भविष्य पाहिलं. २०१८ साली मोठ्या प्रमाणावर तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर ही भविष्यवाणी बरीच फिकी पडली. पण माझ्या उपयोगाचा प्रयोग तिसराच आहे, रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. आधी दोघांनाही सांगितलं, थांबा, चांगले रंगखडू आणून देतो. एका गटाला ते खरोखर दिले. दुसऱ्याला येऊन सांगितलं, माफ करा, संपले. मग खाऊची परीक्षा. ज्यांना शब्द पाळणारा माणूस भेटला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना थाप मारली गेली ती तीन. म्हणजे मुलाचा धीर मुलात नसतो, समोरच्या मोठ्या माणसाची पत किती, यात असतो. आता डिसेंबरातल्या घरातली मोठ्यांची पत तपासावी. ‘सहामाही परीक्षा झाली की झाड आणू’, ‘पुढच्या रविवारी नक्की’, ‘पगार होऊ दे’. दहा मिनिटांत सामान घरी आणून देणारं अ‍ॅप कुणाच्या फोनमध्ये आहे आणि स्वारी अकराव्या मिनिटाला दारात उभी राहून कुणावर चिडते, हेही तपासायला हरकत नाही.

याहून वजनदार आक्षेप पाळकसाहेबांकडून येतो. आगमनकाळ म्हणजे वाढदिवसाची उलटी मोजणी नव्हे. हा पश्चात्तापाचा, आत्मपरीक्षणाचा काळ, आणि त्यात ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याकडे डोळे लावायचे असतात. मुलांची मेणबत्ती आणि खिडक्या हा पोरखेळ. आक्षेप खरा आहे. पहिल्या रविवारचं वाचन दरवर्षी जगाच्या अंताबद्दल असतं, जागे राहा असं बजावणारं, आणि कॅथलिक मिस्सेत या चार रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत. पण या गांभीर्याचं मोठे काय करतात? पहिल्या रविवारी जगाचा अंत वाचून होतो आणि लगेच जाहिराती होतात: सहलीचे पैसे भरा, कॅरलसाठी गाडी कोण देणार, जनरेटरचं डिझेल. दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो, उंटाच्या केसांचं वस्त्र नेसलेला, टोळ आणि रानमध खाणारा. मोठी माणसं त्या वेळी घड्याळ बघतात. मुलं मात्र ताठ बसतात आणि संडे स्कूलच्या बाईंना विचारतात, टोळ तळून खायचा की कच्चा, पंख काढायचे का, आणि मध चारचौघांना पुरला का. हे मला पूर्ण आगमनकाळातलं सर्वांत गंभीर बायबल-अध्ययन वाटतं. दुसऱ्या येण्याबद्दलही तेच. ‘मग तो परत कधी येणार?’ या प्रश्नाला तारीख नाही, असं सांगितलं की मूल थोडं विचारात पडतं आणि पुढचा प्रश्न विचारतं: मग तयारी कधीपासून करायची? एवढा नेमका प्रश्न कमिटीच्या बैठकीत निघाल्याचं कुठल्या इतिवृत्तात सापडणार नाही.

मोठे अजिबात वाट पाहत नाहीत असंही नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. वेगवेगळी चर्च जोडून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला घालायला मोठ्यांनी १९२९ साली बोलणी सुरू केली आणि १९७० साली नागपुरात ती पुरी झाली. एकेचाळीस वर्षं! तारीख होती २९ नोव्हेंबर, आणि त्या वर्षी आगमनाचा पहिला रविवार नेमका तोच. तेव्हा, मधे कमिटी असेल तर मोठी माणसं कितीही थांबू शकतात. घरात ताटलीतला केक असेल तर नाही.

‘पण हे आपलं कुठे?’ असा प्रश्न काही जुने मराठी ख्रिस्ती विचारतात, आणि तो सोडून देण्याजोगा नाही. महाराष्ट्रातल्या बऱ्याच मंडळ्यांचं मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहे. १८१३ साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल मॅसेच्युसेट्सचे. त्या मॅसेच्युसेट्सने १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. प्युरिटन मंडळींना नाताळच मान्य नव्हता, तिथे आगमनाची मेणबत्ती कुठून येणार? म्हणजे मिशनऱ्यांच्या पूर्वजांच्या हिशेबाने आपल्या घरातला नाताळचा फराळ हा दंडनीय गुन्हा. तरी मराठी ख्रिस्ती घरात नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे होतात ते होतातच, आणि ते बोस्टनहून आलेले नाहीत. ते शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातून आले. करंजी शेजारून घेता आली तर मेणबत्त्यांचं चाक हॅम्बुर्गहून घ्यायला कोणाची हरकत असावी? आणि वाट पाहण्याची आपली मराठी परंपरा शोधायचीच असेल तर ती विखर्नहून दोनशे वर्षं जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ साली छापलं गेलेलं क्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचं. त्यातलं पहिलं पुराण सगळं जुन्या करारावर आहे. सृष्टी, आदाम-एवा, नोहा, मोशे, दावीद, संदेष्टे, अशा चार हजारांहून जास्त ओव्या ओलांडल्या की मग दुसऱ्या पुराणात ख्रिस्तजन्माची गोष्ट लागते. आजच्या माणसाला बेथलेहेम दिसेपर्यंत एवढ्या ओव्या ऐकायला बसवलं तर तो पन्नासाव्या ओवीला फोन काढील. ‘मग काय झालं?’ हा प्रश्न मनात धरून शेवटपर्यंत बसण्याची कला लहान मुलांना रोज रात्री साधते.

आता अयोध्या नगराचा मुद्दा. चहूकडे दुसऱ्या धर्माची घरं, त्यात आपली चार रविवारांची ताटली. शेजाऱ्यांना काय कळणार, मुलांना ओशाळल्यासारखं होईल, अशी मोठ्यांना काळजी असते. काळजी निराधार आहे. डिसेंबर म्हणजे साधारण मार्गशीर्ष, आणि मराठी हिंदू घरात मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात: कलश मांडायचा, पोथी वाचायची, शेवटच्या गुरुवारी उद्यापन. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, साधारण चार वेळा, ताटाभोवती घरची सगळी. हे कळलेल्या माणसाला चार रविवारांचं ताट समजावून सांगावं लागत नाही. फार तर वार वेगळा का, एवढंच तो विचारील. भोपाळात याला आणखी एक वळसा आहे. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, त्यामुळे हिंदी शेजाऱ्यांचा अगहन मराठी शेजाऱ्यांच्या मार्गशीर्षाच्या पंधरा दिवस आधी लागतो. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे एकच महिना दोन तारखांना सुरू होतो आणि आगमनकाळ तिसऱ्या. इतक्या पंचांगांच्या गल्लीत वाढणाऱ्या मुलाला आपला सण वेगळ्या दिवशी सुरू होतो याचं कसलं ओशाळेपण? आणि वसाहतीचं नाव अयोध्या. भरत नंदिग्रामला सिंहासनावर पादुका ठेवून चौदा वर्षं दिवस मोजत बसला आणि चौदावं वर्ष संपताच राम दिसला नाही तर अग्नीत शिरेन म्हणाला, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. चौदा वर्षांपुढे चार आठवडे म्हणजे सुट्टीच. फरक असलाच तर दिव्यांत आहे. अयोध्येने दिवे लावले ते राम आल्यावर, सगळे एकदम. आगमनकाळात ते येण्याआधी लागतात, एकेक करून. दोन्हीकडच्या मुलांनी गच्चीवर बसून यावर वाद घातला तर तो ऐकण्यासारखा होईल. मोठ्यांनी मधे पडू नये.

राहता राहिली व्यवहाराची अडचण, आणि इथे मला मोठ्यांची बाजू थोडी मान्य आहे. कॅरलवाल्यांना २४ तारखेच्या एका रात्रीत पिपलानीपासून अयोध्या बायपासपर्यंतची सगळी घरं होणार नाहीत. ते आधी फिरणारच, आणि भोपाळच्या डिसेंबरातल्या थंडीत रात्री अकरा वाजता मफलर बांधून पेटी वाजवणाऱ्या माणसाला धर्मशास्त्र ऐकवणं माणुसकीला धरून नाही. चकली २४ला रात्री तळता येत नाही. करंजीचं सारण, भाजणी, अनारशाचं पीठ, सगळ्याला आपापला वेळ लागतो. म्हणजे फराळ आधी होणार, डब्यात जाणार, डबा माळ्यावर जाणार. इथवर ठीक. वादाचा मुद्दा पुढचा आहे. नाताळच्या सकाळी डबा खाली येतो तेव्हा तो वर गेला होता त्यापेक्षा हलका असतो, आणि संशय दरवेळी मुलांवर जातो. पण पुरावा पाहा. माळ्यापर्यंत आठ वर्षांच्या मुलाचा हात पोचत नाही. स्टूल ओढल्याचा आवाज घरभर होतो. मूल करंजी खातं तेव्हा सारण सांडतं, आणि खाली तर एक कणही नाही. रात्री बातम्या संपल्यावर ‘जरा पाणी पिऊन येतो’ म्हणून उठणारी, उंच आणि सराईतपणे करंजी खाणारी व्यक्ती घरात एकच असते. तिने लहानपणी पुठ्ठ्यावरची बिस्किटं पाहिली नव्हती, असं म्हणून तिला संशयाचा फायदा देता येईल, पण निर्दोष सोडता येणार नाही.

२०२६ साली आगमनाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, गुलाबी मेणबत्ती १३ डिसेंबरला, चौथी २० डिसेंबरला. म्हणजे तिला या खेपेस पाच दिवस मिळतील. २४ डिसेंबरला येणारा चौथा रविवार पुन्हा २०२८ साली आहे, तेव्हा दोन मुलं असलेल्या घरांनी पाळ्या आत्ताच कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि या वर्षी फराळाच्या डब्याला कुलूप घालून किल्ली मुलांकडे द्यावी.